वाटेवरच्या मैत्रिणी : टेक्सास वगळून

या आठवड्यात ‘झिम्मा’ हा सिनेमा घ्यायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय, आणि त्याला कारण सोलापूरचे एक वाचक. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहेत. ‘थेल्मा अँड लुईस’ या सिनेमात थेल्मावर बलात्कार करू पाहणाऱ्या माणसाला लुईस पार्किंगात गोळी घालते, त्यावर मी गेल्या वेळी जे काही लिहिलं ते त्यांनी बाजूला सारलं आणि विचारलं : ओक्लाहोमातून मेक्सिकोला पळून जायला टेक्सासचा सरळ रस्ता असताना या दोघी भलतीकडे कशाला वळतात? शिवाय, ती गाडी ॲव्हरेज किती देत असेल?

पहिला प्रश्न माझ्या फार आवडीचा. या सिनेमाबद्दल बोलणारे बहुतेक जण, या दोघी जिथून गाडीसकट झेप घेतात, त्या शेवटच्या कड्यावर थेट पोचतात. मला मात्र सगळा सिनेमा त्या वळशात दिसतो.

आधी नकाशा बघू. अमेरिका-मेक्सिको सीमा साधारण ३,१०० किलोमीटरची, आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग एकट्या टेक्सासचा. ओक्लाहोमा सिटीहून निघायचं, डॅलस, सॅन अँटोनिओ करत लरेडो गाठायचं. हजारेक किलोमीटर. दोघींनी आळीपाळीने गाडी हाकली तर रात्रीतून सीमा येते. टेक्सास नको म्हटलं, तर ओक्लाहोमाची जी चिंचोळी पट्टी पश्चिमेला बाहेर आलेली आहे, तिच्या टोकाला न्यू मेक्सिकोची हद्द लागते, पन्नास-पंचावन्न किलोमीटरपुरती. त्या फटीतून निसटायचं, नाहीतर कॅन्सस-कोलोरॅडोचा आणखी लांबचा फेरा. पुण्याहून कोल्हापूरला निघावं, पण सातारा जिल्हा लागता कामा नये म्हणून इंदापूर, पंढरपूर, मिरज करत जावं, तसला हा प्रकार. मागे पोलीस आहेत ते वेगळंच.

हा मार्ग शोधायचं काम लुईस थेल्मावर सोपवते. सुट्टीला निघताना नवऱ्याला विचारायचीही जिची छाती झाली नाही, जी चिठ्ठी ठेवून घराबाहेर पडली, तिच्या हातात नकाशा येतो. ती बघते आणि साहजिकच म्हणते, अगं मधे टेक्सास आहे. लुईस म्हणते, तिथून जायचं नाही. कारण विचारल्यावर कायद्याचं कारण देते : त्या अवस्थेतल्या पुरुषाला गोळी घातल्यावर टेक्सासच्या पोलिसांच्या हाती सापडण्यात अर्थ नाही. पटण्यासारखं आहे. पण खरं कारण ते नव्हे, हे लुईस झालेल्या सुझन सॅरंडनच्या चेहऱ्यावर दिसतं. त्या राज्यात तिच्यावर पूर्वी काहीतरी गुजरलं आहे. काय, ते सिनेमा शेवटपर्यंत उलगडून सांगत नाही.

कॅली खूरीची ही पहिलीच पटकथा. त्याआधी ती म्युझिक व्हिडिओंच्या निर्मितीत काम करत होती. जन्म सॅन अँटोनिओचा, म्हणजे टेक्सासचाच! १९९२ साली या पटकथेला ऑस्कर मिळालं, आणि माझ्या मते त्यातला निम्मा वाटा न लिहिलेल्या प्रसंगाचा. एखादा फ्लॅशबॅक घालणं किती सोपं होतं. आपल्याकडे या सिनेमाच्या तीनच वर्षं आधी येऊन गेलेला ‘जख्मी औरत’ आठवा. बाईचा राग प्रेक्षकाला पटावा म्हणून आधी तिच्यावरचा अत्याचार पडद्यावर दाखवलाच पाहिजे, असा तेव्हा जणू नियम होता. खूरी तो पुरावा मागत नाही आणि देतही नाही.

थेल्माला अंदाज येतो. गाडीत एकदा ती विचारून बसते, तुझ्याही बाबतीत तेच झालं ना? लुईस गाडी कडेला घेते आणि बजावते, हा विषय पुन्हा नको. थेल्मा विषय सोडते. पैसे चोरीला गेलेत, पोलिसांनी नाकेबंदी चालवलीय, प्रत्येक जादा तास महागात पडणार हे आता तिलाही कळतं. तरी “टेक्सासमधून गेलो असतो तर एव्हाना पोचलो असतो” हे वाक्य ती एकदाही उच्चारत नाही. घरातल्या, सहलीतल्या कितीतरी भांडणांत असलं वाक्य हमखास येतं. नवरा-बायकोंच्या प्रवासात तर येतंच येतं. ते इथे येत नाही म्हणून मी या दोघींना मैत्रिणी म्हणतो. एकत्र गाणी म्हणणं आणि वाऱ्यावर केस उडवणं जाहिरातीतल्या बायकाही करतात.

दुसऱ्या बाजूला हार्वी कायटेलचा पोलीस अधिकारी आहे. माणूस सज्जन, मनापासून त्यांना वाचवू पाहणारा. तो फोनवर लुईसला सांगतो की टेक्सासमध्ये तुझं काय झालं ते मला माहीत आहे. त्याने ते शोधून काढलंय. जे मैत्रिणीने विचारायचं सोडून दिलं ते सरकारच्या कागदांत आहे, आणि लुईस ऐकत थांबते त्याच फोनवरून त्यांचा ठावठिकाणाही लागतो. सहानुभूती खरी आणि फोनवरची पाळतही खरी. या प्रसंगाइतका कडू प्रसंग सिनेमात दुसरा नाही.

आता सोलापूरकर पुढचं विचारतीलच, म्हणून आधीच सांगतो. न्यू मेक्सिकोत शिरल्यावर सरळ दक्षिणेला उतरलं की सीमा आली. मग या ग्रँड कॅनियनशी कशा पोचतात? तिथून मेक्सिको पाचशे किलोमीटर खाली! याला रस्त्याच्या हिशोबाने उत्तर नाही. जाहिरातपटांतून आलेला इंग्रज दिग्दर्शक रिडली स्कॉट तिथल्या तांबड्या कड्यांच्या प्रेमात पडला. शेवट चित्रित झाला तो कडाही ग्रँड कॅनियनचा नाहीच, युटामधल्या मोआबजवळचा, डेड हॉर्स पॉइंटच्या खालच्या अंगाचा. खाली वाहते ती कोलोरॅडो नदी तेवढी तीच. हे ग्रँड कॅनियन असावं, असं लुईसही अंदाजानेच सांगते. दृश्य देखणं आहे, पण मला खटकतं. ज्या सिनेमाने एका राज्याची हद्द इतक्या काटेकोरपणे पाळली, त्याने शेवटी दिशाच सोडून द्यावी?

राहिला ॲव्हरेजचा प्रश्न. गाडी १९६६ची फोर्ड थंडरबर्ड, उघड्या टपाची, व्ही-८ इंजिनाची. लिटरला पाच-सहा किलोमीटरच्या वर देत नसावी. ‘झिम्मा’ पुढच्या आठवड्यात नक्की. तिथे बस टूरवाल्यांची आणि डिझेलही त्यांचंच, त्यामुळे ही चौकशी निघणार नाही अशी आशा आहे.