विहिरीच्या काठावरची शाळा

४ एप्रिल २०२५ची सकाळ. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून रोजच्यासारख्या कामाला निघाल्या. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, आलेगाव शिवारात, ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्यानं भरलेल्या विहिरीत गेला. तिघं वाचली, सात जणी गेल्या. पाणी मोटारी लावून उपसावं लागलं, क्रेन आणावी लागली.

यात आग कुठंच नव्हती. तरी अशा वेळी फोन जातो तो बंबवाल्यांनाच. आपल्याकडचा अग्निशमन दिन १४ एप्रिलचा. १९४४ साली मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या सप्ताहात शाळेच्या मैदानावर पाण्याचे फवारे उडतात, पोरं टाळ्या वाजवतात. छान दिसतं, पण हिंगोलीसारख्या जिल्ह्यात शेताशेतात विहीर आहे, पूर्णा, कयाधू, पैनगंगा आहेत, आणि आता जमीनही हलते. १० जुलै २०२४ला सकाळी सातनंतर ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, त्याचं केंद्र कळमनुरी तालुक्यात. त्याच वर्षी मार्चमध्येही तेवढाच बसला होता. १९९३चं किल्लारी पाहिलेल्या मराठवाड्याला ढिगारा म्हणजे काय हे सांगायला नको.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याकडची. तिथून हिंगोली चारशे किलोमीटरहून लांब. राज्याच्या दलाची ठाणी धुळ्याला आणि नागपूरला. निरोप मिळताच माणसं निघाली तरी रस्त्यात तास जाणारच, आणि बुडणाऱ्याच्या हाती मिनिटं असतात. म्हणून पहिला भार पालिकेच्या फायरमनवर, आणि त्याच्याही आधी गावकऱ्यांवर.

गावकरी काय करतात? बाजेच्या चारी खुरांना कासरे बांधून ती विहिरीत सोडतात. युक्ती जुनी आणि चांगली. पण कासरा किती कुजलाय ते वर कुणी पाहत नाही. तंत्रशुद्ध सराव सुरू होतो तो इथूनच. काठाच्या दगडावर दोर घासला की आधी त्याचं कवच फाटतं. म्हणून तिथं जुन्या होजचा तुकडा चिरून अंथरायचा. आठाची गाठ बांधायची, ती दुसऱ्यानं हात लावून तपासायची. मुख्य दोरासोबत आधाराचा दुसरा दोर, तोही वेगळ्या खुंट्याला. कप्प्यांची तीनास एक जुळणी केली की ऐंशी किलोचा माणूस हिशेबानं सत्तावीस किलोचा होतो. घर्षण धरलं तर थोडा जास्त. एकानं इशारा द्यायचा, बाकीच्यांनी ओढायचं. सगळेच ओरडू लागले की दोर चुकतो. हे वाचून येत नाही. हाताला घट्टे पडल्यावर येतं.

दुसरा धडा हवेचा. पाणी आटलेल्या, नाहीतर आत डिझेल इंजिन चाललेल्या विहिरीत पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. अमेरिकेतल्या ‘निओश’ या संस्थेनं १९८६ सालीच नोंदवलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृतांत साठ टक्क्यांहून अधिक माणसं वाचवायला गेलेलीच असतात. जुनी माणसं कंदील सोडून बघायची. कंदील विझेपर्यंत प्राणवायू बराच उतरलेला असतो, आणि विषारी वायू तर त्याला कळतच नाही. साडेएकोणीस टक्क्यांखाली प्राणवायू गेला की मोजयंत्र ओरडतं. फायरमनला ते यंत्र, हार्नेस आणि तिपाई मिळाली पाहिजे. सरावाशिवाय मात्र तिन्ही कपाटातच राहतील.

माझं मत सरळ आहे : हा सराव नागपूरच्या अग्निशमन कॉलेजात होतो तितकाच हिंगोलीच्या विहिरीवर झाला पाहिजे, कारण इथला काठ ढासळता आहे आणि तळाला गाळ आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या पालिकांनी महिन्यातून एक सकाळ त्याला द्यावी, आणि शेजारच्या गावांतली चार-चार पोरं सोबत घ्यावीत. वाचकांपैकी कुणाच्या शेतात पडीक विहीर असेल, तर ती बुजवण्याआधी सरावाला हवी का, हे पालिकेत एकदा विचारून बघा. आणि वापरातली असेल, तर या सुगीच्या पैशातून आधी तिला कठडा बांधा.