गिफ्ट डीडवर सही करताय? आधी हे इंग्रजी शब्द समजून घ्या

बारामती / इंदापूर : लग्नात आहेर, संक्रांतीला वाण, वाढदिवसाला गिफ्ट, कुस्ती मारली की बक्षीस. देण्याघेण्याच्या शब्दांना आपल्याकडे तोटा नाही. पण हाच 'गिफ्ट' शब्द रजिस्टर ऑफिसच्या कागदावर आला की खेळ वेगळा होतो. गावाकडच्या जमिनीचे कागद बहुतेक वेळा मराठीत असतात. पुण्यातला फ्लॅट असला किंवा कागद शहरातून टाईप होऊन आला, तर तो इंग्रजीत असू शकतो. आणि "पोराच्याच तर नावावर करायचंय" म्हणत आईवडील न वाचता अंगठा उठवतात.

गिफ्ट डीड म्हणजे बक्षीसपत्र. इथलं बक्षीस काही जिंकून मिळालेलं नसतं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार आपखुशीने, मोबदला न घेता दिलेली आणि समोरच्याने स्वीकारलेली वस्तू म्हणजे गिफ्ट. जमीन किंवा घर असेल तर देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार आणि नोंदणी लागतेच. मुस्लिम कुटुंबातल्या हिब्याचे नियम मात्र वेगळे आहेत.

कागदात दोन शब्द सारखे येतात, डोनर आणि डोनी. रक्तदान शिबिरामुळे डोनर सगळ्यांना माहीत आहे, तो देणारा. डोनी म्हणजे घेणारा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी डबल ई दिसली की तो घेणारा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. नॉमिनीलाही डबल ई आहे, पण नॉमिनी मालक होत नाही. खातेदार गेल्यावर तो वारसांच्या वतीने पैसे घेतो. डोनी मात्र थेट मालक होतो.

'विदाऊट कन्सिडरेशन' हे वाक्य हमखास असतं. कन्सिडरेशनचा अर्थ डिक्शनरीत 'विचार' असाही दिसतो, म्हणून 'विचार न करता दिलं' असा घोळ होतो. इथे अर्थ आहे मोबदला. एक रुपयाही न घेता दिलं, असं ते वाक्य सांगतं. 'लव्ह अँड अफेक्शन' म्हणजे प्रेमापोटी. आणि 'बाय दीज प्रेझेंट्स' असं दिसलं तर त्याचा भेटवस्तूशी काही संबंध नाही. 'या लेखाद्वारे' एवढाच त्याचा अर्थ. वकिली इंग्रजीची ही जुनी खोड आहे.

'अॅक्सेप्टन्स' म्हणजे स्वीकार. तो देणाऱ्याच्या हयातीतच व्हावा लागतो. घेणारा स्वीकारण्याआधीच वारला तर गिफ्ट रद्द.

आता सगळ्यात महाग पडणारा शब्द : 'इररिव्होकेबल', म्हणजे परत न घेता येणारं. खरा घोटाळा इथेच होतो. अनेकांना वाटतं, आपण गेल्यावर जमीन पोराला मिळेल. ते काम मृत्युपत्राचं, म्हणजे विलचं. विल जिवंतपणी कितीही वेळा बदलता येतं. गिफ्ट डीड झालं की मालकी त्याच घडीला गेली. उद्या सुनेशी पटलं नाही, मुलगा बोलेनासा झाला, एवढ्यावर ते मोडता येत नाही. फसवून किंवा धाक दाखवून सही घेतली असेल तर कोर्टात जाता येतं, पण ते सिद्ध करावं लागतं.

म्हणून 'कंडिशन', म्हणजे अट, महत्त्वाची. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर 60 वर्षांवरील आईवडील न्यायाधिकरणाकडे ती रद्द करून मागू शकतात. आपल्याकडे हे काम प्रांताधिकारी बघतात. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेलं गिफ्ट डीड याच कारणावरून रद्द केलं. त्यात सांभाळण्याचं वचन मुलाने लिहून दिलं होतं. तोंडी शब्दावर राहू नका. अन्नवस्त्र, औषधपाणी, त्याच घरात राहण्याचा हक्क, सगळं कागदातच लिहून घ्या.

लोक गिफ्ट डीडकडे वळतात ते खर्चामुळे. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा मयत मुलाची बायको यांना दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार आणि नोंदणी फी वेगळी, तो आकडा आधीच विचारून घ्यावा. भाऊबहीण या 200 रुपयांत बसत नाहीत. आणि वाटप न झालेली सामायिक वडिलोपार्जित जमीन एकट्याने बक्षीस दिली तर वाद ठरलेलाच.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात : जवळच्या नातेवाइकांकडून आणि लग्नात नवरानवरीला मिळालेल्या गिफ्टवर टॅक्स नाही. बाहेरच्यांकडून वर्षात 50 हजारांवर रोख मिळाली तर पूर्ण रकमेवर लागतो.

नोंदणी झाली की इंडेक्स टू ची प्रत घ्या आणि तलाठ्याकडे फेरफाराची नोंद झाली का, ते सातबारावर बघा.