खेळायला लहान, हे कोण ठरवतं?



मुलगी ग्राउंडवर जायचं म्हणाली की "लहान आहे अजून" असं घरात कुणीतरी म्हणतंच. दोन वर्षांनी त्याच घरात स्थळं बघायला लागतात, तेव्हा ती एकदम मोठी झालेली असते! म्हणून या अंकात अमेरिकेतल्या ऑलिव्हिया मोल्ट्री या फुटबॉलपटूची माहिती देते. तिलाही वयाच्याच नियमाने अडवलं होतं.

ऑलिव्हियाचा जन्म २००५ चा, कॅलिफोर्नियातला. तिचा खेळ बघून ती ११ वर्षांची असतानाच नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती देऊ केली आणि तिने ती स्वीकारली. पण २०१९ मध्ये, १३ व्या वर्षी, तिने नाइकी कंपनीशी करार केला आणि ती व्यावसायिक खेळाडू झाली. या सहीची किंमतही होती. तिथल्या नियमाप्रमाणे व्यावसायिक झालेल्या खेळाडूला कॉलेजच्या संघातून खेळता येत नव्हतं, म्हणजे खेळावर मिळणारी शिष्यवृत्ती गेली. घरच्यांनी बिऱ्हाड पोर्टलंडला हलवलं आणि ती 'पोर्टलंड थॉर्न्स' या क्लबसोबत सराव करू लागली.

सराव चालायचा, पण अधिकृत सामना नाही. कारण महिलांच्या लीगचा नियम होता, १८ वर्षांखालची खेळाडू घ्यायची नाही. तिथल्या पुरुषांच्या लीगमध्ये मात्र असा नियम नव्हता. त्याच वयाचा मुलगा खेळू शकत होता. परदेशात जावं तर फिफाच्या नियमाने १८ च्या आत, काही अपवाद सोडले, तर तेही जमत नाही.

२०२१ मध्ये १५ वर्षांच्या ऑलिव्हियाच्या वतीने वडिलांनी कोर्टात दावा लावला. अल्पवयीन म्हणून दाव्यात तिचं नाव 'ओ. एम.' एवढंच होतं. मुद्दा सोपा करून सांगते. समजा, बाजारातल्या सगळ्या व्यापाऱ्यांनी मिळून ठरवलं की अमुक बाईचा माल घ्यायचा नाही, तर ती विकणार कुठे? त्या वेळी देशात महिलांची वरच्या दर्जाची लीग एकच होती, आणि तिच्या सगळ्या क्लबांनी मिळून हे दार बंद केलेलं. असं संगनमत स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही, असं तिच्या बाजूचं म्हणणं होतं. कोर्टाने मे महिन्यात तात्पुरता आणि जूनमध्ये दाव्याच्या निकालापर्यंतचा मनाई हुकूम दिला. म्हणजे तेवढ्या काळात हा नियम तिला लावता येणार नव्हता.

जूनअखेर थॉर्न्सने तिच्याशी करार केला. ३ जुलै २०२१ ला ती बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली, तेव्हा लीगमधली ती सगळ्यात लहान खेळाडू ठरली. २०२२ मध्ये थॉर्न्सने विजेतेपद मिळवलं. डिसेंबर २०२३ मध्ये, १८ व्या वर्षी, ती अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून खेळली.

पुढे लीगने १८ खालच्या मुलींसाठी वेगळी पद्धत आणली. खेळाडूने आईवडील किंवा पालकासोबत राहायचं, अशी त्यात अट आहे. म्हणजे काळजी घ्यायची म्हणून दार बंदच करावं लागतं असं नाही, अटी घालूनही काळजी घेता येते.

आता तुम्ही म्हणाल, तिच्यामागे मोठी कंपनी होती, आपण कुठे कोर्टात जाणार? बरोबर आहे. पण प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. मुलीला "लहान आहे" म्हणून थांबवताना तीन गोष्टी विचारा:

१. हाच नियम घरातल्या मुलाला लावतो का?
२. भीती नेमकी कशाची आहे? येण्याजाण्याची असेल तर सोबत शोधता येईल का?
३. मुलीला विचारलं का?

आणि कुठल्याही कागदावर सही करताना काय मिळतंय यासोबत काय सुटतंय, तेही वाचून घ्या.

पुढच्या मासिक बैठकीत कर्जाचा विषय संपला की दहा मिनिटं यावर बोला. शक्यतो मुलींनाही बसवून घ्या.