घराचा घाट

नवे घर ताब्यात आले, किंवा जुन्या घराला रंग देण्याचा बेत एकदा नक्की झाला, की बहुतेक कुटुंबांत पहिला प्रश्न निघतो तो घरासाठी कोणती शैली घ्यावी हा. आणि मग दुकानांची दालने, आप्तेष्टांचे दिवाणखाने व मोबाइलच्या पडद्यावर अखंड सरकणारी चित्रे यांच्या गर्दीतून एखादे तयार नाव उचलले जाते, व त्या नावामागोमाग करडा सोफा, पांढऱ्या भिंती आणि काचेचे टेबल असा सगळा सरंजाम घरात दाखल होतो. शैली ही अशी बाहेरून विकत आणण्याची चीज आहे, हा समजच मला मुळात अग्राह्य वाटतो. ज्या घरात माणसे काही वर्षे राहिली आहेत, तेथे त्यांची अभिरुची आधीच वस्तीला आलेली असते. कोण रोज कोणत्या खुर्चीत बसतो, कोणती चादर विरली तरी टाकवत नाही, वर्तमानपत्र कोणत्या कोपऱ्यात उलगडले जाते, या साध्या गोष्टींतून ती निरंतर प्रकट होत असते. ती ओळखणे एवढेच काम उरते, आणि ते धीराचे काम आहे.

आपल्याकडील जुन्या घरांना लाभलेली शैली कोणी पसंत करून घेतली नव्हती. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आहे, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीतील विश्रामबागवाडा आहे; अशा वास्तूंतून फिरताना प्रथम लक्षात येते ते हे, की तेथील सौंदर्याचा प्रत्येक अंश कोणत्या ना कोणत्या गरजेतून निपजला आहे. भिंती जाड, म्हणून उन्हाळा बाहेर राहतो. भिंती जाड, म्हणूनच त्यांच्या पोटात कोनाडे व फडताळे मावतात आणि दिवा, पोथी, तांब्या यांना हक्काची जागा मिळून जमीन मोकळी राहते. मध्ये चौक, म्हणून माजघरापर्यंत उजेड पोचतो. बैठक जमिनीवर, गादी आणि लोड-तक्क्यांची, म्हणून अनेक वाड्यांतून माडीवरच्या खिडक्या जमिनीलगत सुरू होतात आणि बसलेल्या माणसाला रस्ता दिसतो. कोकणातील घरात हेच तत्त्व निराळे रूप घेते. जांभ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, ओटी आणि पडवी ही सारी रचना मुसळधार पावसाने जणू हुकूम देऊन करवून घेतलेली आहे. ज्याला आपण आज मोठ्या कौतुकाने पारंपरिक शैली म्हणतो, ती त्या माणसांच्या बसण्या-उठण्याची, हवामानाची आणि हाताशी असलेल्या दगड-लाकडाची बेरीज होती.

पुढे बसणे बदलले. खुर्ची आणि मेज ही सरकारी कचेरीतून व साहेबाच्या बंगल्यातून मध्यमवर्गाच्या घरात आली; १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने ‘आयडियल होम’ नावाचे प्रदर्शन भरवले, तोवर आधुनिक दिवाणखान्याची कल्पना शहरात रुजू लागली होती. मात्र सवयी मागे रेंगाळल्या. १८९४ साली मुंबईत निघालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यातील देवादिकांच्या तसबिरी छताजवळ, पुढे किंचित झुकवून टांगण्याची पद्धत घरोघर होती, आणि खाली मांडी घालून बसलेल्याने मान वर करून पाहण्यास ती योग्यही होती; आज आपण सोफ्यावर बसतो, तरी चित्र मात्र त्याच उंचीवर लावतो आणि मग भिंत ओकीबोकी का दिसते याचे नवल करतो. बसल्या जागेवरून नजर जेथे सहज पडते तेथे चित्र खाली आणून पाहावे. खोली बदललेली दिसेल.

घरगुती वस्तूंच्या सौंदर्याविषयी ज्याला शंका असेल, त्याने पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय निवांतपणे पाहावे. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्य वेचून जमवलेल्या २०,००० हून अधिक जिनसांचा हा ठेवा पुढे राज्य शासनाकडे सुपूर्द झाला. त्यात अडकित्ते आहेत, पाय घासण्याच्या वज्र्या आहेत, दिवे, दौती आणि कोरीव दरवाजे आहेत. सुपारी कातरण्याच्या हत्याराला मोराचा आकार देणाऱ्या अनामिक कारागिराने उपयोग आणि शोभा यांची फारकत केलीच नव्हती. ती आपण केली, आणि म्हणून आज शोभेचे कपाट वेगळे व वापराची भांडी वेगळी अशी घराची वाटणी होऊन बसली आहे.

तेव्हा ज्याला आपल्या घराचा घाट शोधायचा आहे, त्याने खरेदीच्या याद्या बाजूला ठेवून आहे त्या जिनसांची फेरिस्त करावी. गेल्या वर्षभरात हाताळलेली वस्तू कोणती, न हाताळताही जिच्याविना घर परके वाटेल अशी कोणती, आणि केवळ कोणी दिली म्हणून राहिलेली कोणती, असा तपशील एकदा कागदावर उतरला, की लाकूड आवडते की धातू, गर्द रंग आवडतात की फिके, मोकळी भिंत रुचते की भरलेली, याची उत्तरे आपोआप पुढे येतात. त्यानंतर उजेड पाहावा. पश्चिमेच्या खोलीत दुपारी चारला येणारे ऊन आणि उत्तरेच्या खिडकीतला दिवसभराचा स्थिर प्रकाश यांत एकच रंग दोन प्रकारचा दिसतो. म्हणून दुकानातील चिठोऱ्यावर विसंबून न राहता भिंतीवर दोन फूट लांब-रुंद पट्टा रंगवून तो सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर न्याहाळावा. दिव्यांचेही तसेच आहे. २७०० केल्विनचा दिवा पिवळसर, ऊबदार प्रकाश देतो, ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. ज्या खोलीत विसावायचे तेथे दुसऱ्या प्रकारचा दिवा लावून वर रंगाला दोष देणे न्याय्य नव्हे. आणि पावसाळा विसरू नये: किनारपट्टीवर जाड गालिचा व चामड्याची खुर्ची यांना बुरशी धरते, तेथे सोलापुरी चादर वा सतरंजी शोभते, धुता येते आणि टिकतेही.

या शोधात घरातील सर्वांना मुखत्यारी असावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आजीला गुडघ्यांमुळे उंच, ताठ पाठीची खुर्ची हवी असते, मुलाला फरशीवर पसरायला जागा हवी असते, आणि स्वयंपाकघरात ज्याचे तास जातात त्याच्या उंचीला ओटा जुळला पाहिजे. या मागण्या डावलून सजवलेली खोली छायाचित्रात कितीही देखणी उतरली तरी तिला घर म्हणता येत नाही. म्हणून वाचकांनी एक महिनाभर नवे काही आणू नये. दिवाणखान्यातील निम्म्या वस्तू आतल्या खोलीत हलवाव्यात, आणि ज्यांची खरोखर उणीव भासेल तेवढ्याच, एकेक करून, परत मांडाव्यात.