तिजोरीतला सूर्य आणि मोकळे रान

मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत सोने, परकीय चलन आणि कोऱ्या नोटा असाव्यात, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. मध्य अमेरिकेतील बेलीझ या चिमुकल्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने मात्र आपल्या तिजोरीत एक पाषाणमस्तकही जपले. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी एका माया शिल्पकाराने जेड या हिरव्या पाषाणातून ते घडविले. याच मस्तकाची प्रतिमा देशाच्या चलनी नोटांवरही झळकली. ते जेथे सापडले ते ‘आल्टुन हा’ हे प्राचीन नगर आणि त्याच परिसरातील हाऊलर माकडांचे अभयारण्य ही दोन्ही स्थळे बेलीझ सिटीहून निघून एका दिवसात पाहता येतात.

उत्तरेस मेक्सिको, पश्चिमेस व दक्षिणेस ग्वाटेमाला आणि पूर्वेस कॅरिबियन समुद्र, असे या देशाचे स्थान आहे. पूर्वीचा ‘ब्रिटिश होंडुरास’ २१ सप्टेंबर १९८१ रोजी स्वतंत्र झाला. इंग्रजी ही तेथील राजभाषा असल्याने भारतीय प्रवाशाला वाटाड्याचे बोलणे समजण्यास अडचण येत नाही.

सकाळ : आल्टुन हा

शहरापासून सुमारे ५० किलोमीटर उत्तरेस गेल्यावर झाडीतून अचानक हिरवळीचे प्रशस्त चौक समोर येतात. दोन चौकांभोवती मंदिरे आणि प्रासादांचे अवशेष उभे आहेत. इसवी सनापूर्वी काही शतके येथे वस्ती झाली आणि इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास नगराचे वैभव संपुष्टात आले. ‘आल्टुन हा’ हे नाव मात्र मूळचे नव्हे. शेजारच्या ‘रॉकस्टोन पाँड’ या गावाच्या नावाचे ते माया भाषेत केलेले रूपांतर आहे. माया लोक आपल्या नगराला काय म्हणत, हे काळाच्या उदरात गडप झाले आहे.

कॅनडातील रॉयल ऑन्टारिओ म्युझियमतर्फे डेव्हिड पेंडरगास्ट यांनी १९६४ ते १९७० या काळात येथे उत्खनन केले. सुमारे १६ मीटर उंचीचे ‘पाषाणवेदींचे मंदिर’ हे येथील सर्वात उंच बांधकाम होय. माया लोक जुने मंदिर पाडून टाकीत नसत. त्याच्यावरच नवे बांधकाम चढवीत आणि आत थोर व्यक्तींचे दफन करीत. अशाच एका समाधीत १९६८ मध्ये एका वृद्ध पुरुषाच्या अस्थींजवळ ते जेडचे मस्तक मिळाले. उंची सुमारे १५ सेंटिमीटर आणि वजन तब्बल ४.४२ किलोग्रॅम! हे मस्तक किनिच अहाऊ या सूर्यदेवाचे असल्याचे पेंडरगास्ट यांनी मानले. माया प्रदेशात सापडलेल्या कोरीव जेडवस्तूंत ही सर्वात मोठी गणली जाते.

येथील एक प्रथा बँकेत काम करणाऱ्याला विशेष विचारात पाडते. जेड हा दूरच्या ग्वाटेमालातील मोटाग्वा नदीच्या खोऱ्यातून येणारा, अत्यंत मोलाचा पाषाण. तरीही मंदिराच्या माथ्यावरील गोल वेदीवर जेडच्या सुंदर वस्तू फोडून, कोपल नावाच्या सुगंधी राळेबरोबर अग्नीत अर्पण केल्या जात. संपत्ती साठवून ठेवणे हाच तिचा एकमेव उपयोग, असे त्या समाजाला वाटत नसावे.

दुपार : शेतकऱ्यांचे अभयारण्य

दुपारी वाहन बेलीझ नदीच्या काठावरील बर्म्युडियन लँडिंग या गावी पोहोचते. येथील ‘कम्युनिटी बबून सँक्च्युअरी’ या नावाने गोंधळून जाऊ नये. बबून आफ्रिकेतले. स्थानिक क्रिओल बोलीत हाऊलर माकडालाच ‘बबून’ म्हणतात. हे काळेभोर माकड दक्षिण मेक्सिको, बेलीझ व ग्वाटेमाला एवढ्याच पट्ट्यात आढळते आणि संकटग्रस्त प्रजातींत मोडते. दिवसाचा बहुतेक वेळ ते फांदीवर पहुडलेले असते, कारण पाने पचविण्यास वेळ लागतो व त्यांतून शक्ती बेताचीच मिळते. मात्र नर ओरडू लागला की सारे रान दणाणते. घशातील मोठ्या पोकळ हाडामुळे तो आवाज दीड किलोमीटरहून अधिक दूर जातो.

या अभयारण्याला कुंपण नाही आणि सरकारने येथे जमीनही संपादित केली नाही. १९८५ मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्विच यांनी गावकऱ्यांसमोर एक साधा प्रस्ताव ठेवला : नदीकाठची झाडे तोडू नयेत, माकडांना अन्न देणारे वृक्ष राखावेत आणि शेतांच्या मधून झाडांचे पट्टे सोडावेत. प्रारंभी बारा जमीनमालकांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. पुढे सात गावांतील दोनशेहून अधिक मालक त्यात सामील झाले. सही केली तरी कायद्याचे बंधन नव्हते, होता तो केवळ शब्द.

त्या शब्दाचे फळही मिळाले. दक्षिणेकडील कॉक्सकोम्ब खोऱ्यातून ही माकडे नाहीशी झाली होती. १९९२ ते १९९४ या काळात येथील ६२ माकडे तेथे नेऊन सोडण्यात आली आणि ती रुजली. आमच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल शाबूत राहिले आणि व्याजातून दुसरे खाते उघडले गेले.

तथापि चित्र सर्वस्वी निर्धास्त नाही. प्रतिज्ञा करणारी पिढी वृद्ध झाली, जमिनी वारसांकडे गेल्या. गुरांच्या कुरणांसाठी येथेही जंगल तुटत गेल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. गावातील स्त्रियांच्या संघटनेने व्यवस्थापन हाती घेतले असून पर्यटकांचे शुल्क व वाटाड्यांची मजुरी यांतून गावाला उत्पन्न मिळते. झाड तोडण्यापेक्षा राखणे परवडले, तरच झाड उभे राहील. म्हणून येथे तिकीट काढणारा पर्यटक नकळत त्या प्रतिज्ञेत भागीदार होतो.

प्रवाशांसाठी

फेब्रुवारी ते एप्रिल हा कोरडा काळ सोयीचा. टोपी, पिण्याचे पाणी, डास-प्रतिबंधक मलम आणि पायांत घट्ट बसणारे बूट आवश्यक. सहलीसाठी परवानाधारक वाटाड्याच निवडावा. दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, असा स्थिर दर असून अमेरिकी डॉलरही सर्रास स्वीकारले जातात. लहान रकमेच्या नोटा जवळ ठेवाव्यात. माकडांना खाऊ देऊ नये व स्पर्शही करू नये.

सूर्यदेवाच्या मस्तकाला तिजोरीचे पोलादी दार लाभले. नदीकाठच्या माकडांचे रान मात्र मुख्यतः शेतकऱ्यांच्या शब्दावर टिकून आहे. ठेवीदार आणि बँक यांच्यातील व्यवहारही अखेर अशाच दिलेल्या शब्दावर चालतो. म्हणूनच हा परका प्रदेश पाहताना फारसा परका वाटत नाही.