स्वभावाची मापे : भाग ६ – आधी काटा तपासणारी माणसे

गेल्या आठवड्यात आपण कल्पनेत रमणाऱ्या, दहा वर्षांपुढचे बोलणाऱ्या माणसांकडे पाहिले. आज दुसरे टोक. समोरची वस्तू, हातातले काम आणि वहीतला आकडा यांवर भिस्त ठेवणारी ही माणसे. ‘बारीकसारीक गोष्टींत अडकतात’ अशी त्यांची टवाळी होते. ते बारीकसारीक म्हणजे नेमके काय, हे बघायला जव्हार तालुक्यातल्या वांगणीकडे जाऊ.

वावर-वांगणी हे जोडनाव १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रभर पोचले ते बालमृत्यूंमुळे. कुपोषणाने आणि आजारांनी शंभराहून अधिक मुले दगावल्याच्या बातम्या आल्या, मंत्र्यांचे दौरे झाले, पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले. योजनाही एकामागून एक आल्या. पण मूल खंगू लागले आहे याचा पहिला सुगावा कार्यालयात लागत नाही. तो लागतो पाड्यावर, अंगणवाडीच्या वजनकाट्याशी.

तिथली नेटकी सेविका मूल झोळीत घालण्याआधी रिकाम्या झोळीसकट काटा शून्यावर आणते. जाड स्वेटर, पायातले वाळे उतरवायला लावते. पोर हातपाय झाडते तोवर आकडा वाचत नाही. उंची मोजताना दोन वर्षांखालचे मूल आडवे, वरचे उभे. कारण तेच मूल आडवे मोजले तर साधारण ०.७ सेंटिमीटर लांब भरते. आयांना ही सगळी कटकट वाटते.

खरी गंमत पुढे आहे. समजा, एका पोराचे वजन गेल्या महिन्यापेक्षा तीनशे ग्रॅम कमी भरले. उतावळा माणूस लगेच निष्कर्ष काढेल. ही आधी काट्यावर संशय घेते. आज सगळ्यांचीच वजने उतरली का? तसे असेल तर खोट काट्यात. एकट्या याचेच उतरले असेल तर आईकडे वळते: जुलाब झाले होते का, ताप होता का, अंगावरचे तोडले का? मग डाव्या दंडाला टेप. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, तर मूल ‘सॅम’मध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात. साडेअकरा ते साडेबारा असेल तर ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषणात. शेवटी दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरते. खळगा राहिला तर अंगावर सूज आहे, आणि सुजेच्या पाण्याने वजन फुगलेले असते. आकडा बरा दिसतो तेव्हाही मूल धोक्यात असू शकते, हे तिला ठाऊक असते. अशा माणसांना कल्पनाशक्ती नसते म्हणणाऱ्यांनी हा अंगठा आठवावा.

दिवाळीनंतर इथली कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. रजिस्टरात ‘स्थलांतरित’ एवढे लिहिले तरी रकाना भरतो. या स्वभावाची बाई भट्टी कुठली, मुकादमाचा फोन कोणता, हेही समासात टिपते.

या स्वभावाची दखल मानसशास्त्रानेही घेतली आहे. मानसशास्त्रज्ञ युंगने १९२१ च्या ग्रंथात जगाची ओळख इंद्रियांच्या साक्षीने करून घेणाऱ्यांचा वेगळा प्रकार मांडला. त्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी सोळा प्रकारांची चाचणी बेतली. नोकरीच्या मुलाखतींत ती आजही चालते. मला मात्र तिचा भरवसा वाटत नाही. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकारच बदलतो. स्वभावाचे पाच गुण वेगवेगळे मोजणारी मानसशास्त्रातली पद्धत त्यापेक्षा बरी. तिच्यात काटेकोरपणा म्हणजे वेगळी जात नव्हे, तर कमी-जास्त प्रमाण. बहुतेक माणसे मधेच कुठेतरी.

या स्वभावाला खोडही आहे. वही पूर्ण करणे हेच काम होऊन बसते. मूल हजर नसेल तर मागच्या वजनात दोनशे ग्रॅम मिळवून आकडा टाकला जातो. रकाना रिकामा राहिलेला बघवत नाही ना! कामाच्या ओझ्यानेही हे होते, सगळा दोष स्वभावाचा नाही. अशी वही फार सुबक दिसते. पर्यवेक्षिका त्याच धाटणीची असेल तर ती त्या सुबकपणावरूनच चोरी पकडते: सगळी वजने शून्यावर किंवा पाचावर संपतात, एकही मूल घटत नाही, पावसाळ्यातसुद्धा नाही. मग ती वही मिटते आणि चार पोरांना पुन्हा काट्यावर घालायला सांगते.