काल काय खाल्लेत?

दवाखान्यात ‘आहार काय असतो?’ असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. ‘‘काही विशेष नाही डॉक्टर, आपलं साधंच.’’ या ‘साधंच’ शब्दाने आम्हा डॉक्टर मंडळींना बराच त्रास दिलेला आहे. रक्तातील साखर मोजता येते, रक्तदाब मोजता येतो. पण माणूस रोज काय खातो हे दाखवणारे यंत्र काही दवाखान्यात ठेवता येत नाही. ते विचारूनच काढावे लागते, आणि विचारण्याचेही एक शास्त्र आहे.

आपल्या देशात या शास्त्राची परंपरा जुनी आहे. १९१८ साली तामिळनाडूतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी लहानशा खोलीत सुरू केलेल्या कामातून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. डॉ. वि. ना. पटवर्धन हे मराठी शास्त्रज्ञ काही वर्षे तिचे संचालक होते. १९७२ पासून या संस्थेच्या देखरेखीखाली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत घरोघर जाऊन लोकांच्या खाण्याची पाहणी होत असे. २०१५ साली ती थांबली, ही माझ्या मते मोठीच हानी आहे.

या पाहणीतील मुख्य पद्धत म्हणजे ‘चोवीस तासांची आठवण’. ‘रोज काय खाता?’ असे विचारायचे नाही, कारण त्याला माणूस आपण काय खायला हवे ते सांगतो. विचारायचे ते ‘काल’चे. काल उठल्यावर पहिले काय घेतले? मग काय? कामावर निघताना? क्रमाने दिवस उलगडत गेला की विसरलेल्या वस्तू आपोआप निघतात. प्रमाणासाठी ठराविक मापाच्या वाट्या पुढे ठेवतात. वाटीभर म्हणजे कोणती वाटी, हा प्रश्न किरकोळ नाही. आमटीची वाटी आणि वरणाची वाटी यांत दुपटीचा फरक असू शकतो. भाकरीचेही तसेच. एका घरातल्या दोन भाकऱ्या म्हणजे दुसऱ्या घरातल्या तीन.

एवढे करूनही चहा सुटतोच. चहा हे खाणे नव्हे अशी आपली पक्की समजूत आहे. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर साठ ग्रॅम साखर आणि २४० उष्मांक होतात. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा साधारण ५० ग्रॅमची, आणि शक्य तर तिच्याही निम्म्यावर यावे असा तिचा सल्ला आहे. म्हणजे अजून भाकरीचा तुकडाही मोडलेला नाही आणि साखरेचा कोटा संपला! उपवासाचीही तीच गत. मधुमेहाचे रुग्ण ‘‘काल एकादशी होती, काहीच खाल्ले नाही’’ असे सांगतात आणि साखर मात्र चढलेली असते. खोदून विचारले की साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू बाहेर येतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही.

लोक मुद्दाम खोटे बोलतात असे मात्र नाही. शरीराने प्रत्यक्ष किती ऊर्जा खर्च केली हे विशिष्ट प्रकारचे पाणी पिण्यास देऊन काढता येते. ती पद्धत अतिशय खर्चिक, म्हणून संशोधनापुरतीच. तिच्याशी ताडून पाहिल्यावर असे दिसले की बहुतेक लोक आपले खाणे कमी सांगतात, आणि वजन जास्त असलेल्यांच्या सांगण्यात ही तूट अधिक असते.

बायकांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. ‘‘मावशी, काल दुपारी किती भाकरी खाल्ल्या?’’ या प्रश्नाला ‘‘उरली ती’’ असे उत्तर मला अनेकदा मिळालेले आहे. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर तेही मिळत नाही. म्हणून मी आता किती भाकऱ्या थापल्या, कोणी किती घेतल्या, भांड्यात भाजी किती राहिली होती, असे विचारतो. उत्तर वजाबाकीने निघते. घरखर्चाच्या सरकारी पाहण्यांतून घरात धान्य, तेल, भाजी किती आली ते चांगले कळते. पण ते कोणाच्या ताटात गेले ते कळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला, तो घराच्या सरासरीत दिसत नाही. शिवाय ताट उचलताच चहा घेण्याची सवय असेल, तर जेवणातले लोहही नीट शोषले जात नाही. पण जेवण कधी आणि चहा कधी, हे विचारल्याशिवाय कसे कळणार?

अशा बारकाईने विचारण्याचे फळ पुणे जिल्ह्यातच मिळालेले आहे. नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत सुमारे ८०० गर्भवती स्त्रियांच्या आहाराची नोंद झाली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि आघारकर संस्थेच्या शोभा राव यांचा या कामात मोठा वाटा होता. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात चोवीस तासांच्या आठवणीबरोबरच ‘अमुक वस्तू किती वेळा खाता?’ हेही विचारले गेले. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण खेड्यात पालेभाजी आठवड्याच्या बाजारावर अवलंबून असते आणि एका दिवसाच्या आठवणीत ती येईलच असे नाही. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळांचे सरासरी वजन २,७०० ग्रॅमच्या आत-बाहेर होते. आईने एकूण किती उष्मांक आणि प्रथिने घेतली याचा बाळाच्या वजनाशी संबंध दिसला नाही. ज्यांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या आणि फळे वरचेवर होती, त्यांची बाळे मात्र अधिक भरलेली होती. नुसते ‘साधंच जेवण’ एवढे लिहून घेतले असते तर मेथी-चाकवताची ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नसती.

वाचकांना घरी करण्याजोगे काम एवढेच. वही घेऊन तीन दिवसांचे खाणे लिहावे; त्यात एक बाजाराचा किंवा सुट्टीचा दिवस असावा. लिहायचे ते खाल्ल्याबरोबर, रात्री आठवून नव्हे. तोंडात टाकलेले दाणे, मुलाच्या ताटातले उरलेले, टपरीवरची भजी, सगळे यावे. तेलासाठी निराळा हिशेब करावा. पाच माणसांत महिन्याला पाच किलो तेल संपत असेल तर दरडोई दिवसाला ३३ ग्रॅम होते, आणि बाहेरचे तळण त्यात धरलेले नाही. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० उष्मांकांच्या आहाराला सुमारे २७ ग्रॅम सांगितले आहे.

ही वही पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना न्यावी. खाण्याच्या वेळाही तीत लिहाव्यात, म्हणजे साखरेच्या आणि लोहाच्या गोळ्या कधी घ्यायच्या हे त्यावरून ठरवता येते.